जॉर्ज कँटर : दोन संच सारखे कधी म्हणायचे?

जावा शिकणारी मुलं एका ठिकाणी हमखास अडतात. दोन याद्यांत त्याच तीन विद्यार्थ्यांचे ऑब्जेक्ट नव्याने बनवून भरले. नावं तीच, हजेरी क्रमांक तेच, तरी संगणक याद्या सारख्या नाहीत म्हणतो. चूक त्याची नसते. दोन ऑब्जेक्ट सारखे कधी मानायचे, तो नियम आपण ‘इक्वल्स’मध्ये लिहिलेलाच नसतो. शिवाय यादीत क्रम बघितला जातो, संचात नाही.

संचांचा हा सिद्धान्त ज्याने उभा केला, तो जॉर्ज कँटर. जन्म ३ मार्च १८४५, सेंट पीटर्सबर्ग. वडील व्यापारी. मुलाने इंजिनिअर व्हावं अशी त्यांची इच्छा, पण शेवटी गणिताला त्यांनी होकार दिला. १८६९ पासून कँटर जर्मनीतल्या हाले विद्यापीठात शिकवू लागला.

त्याचा प्रश्न बघा, अगदी बालवाडीतला वाटेल. मोजता येत नसेल, तर दोन समूह सारखे आहेत हे ठरवायचं कसं? वर्गात प्रत्येक मुलाला एक खुर्ची मिळाली, ना मूल उरलं ना खुर्ची, की मोजायची गरजच नाही. हीच एकास एक संगती. इथे घटक तेच असायला नकोत, जोड्या लागल्या म्हणजे झालं.

हा नियम त्याने अनंत संचांना लावला. १ ला २, २ ला ४, ३ ला ६… नैसर्गिक संख्या आणि त्यांतल्या सम संख्या यांच्या जोड्या बिनचूक लागतात! निम्म्या गाळल्या तरी कमी होत नाहीत. (मुलं इथे भांडतात. भांडू द्या.) पण १८७४ मध्ये त्याने दाखवलं, की नैसर्गिक आणि वास्तव संख्यांच्या अशा जोड्या लागूच शकत नाहीत. म्हणजे सगळे अनंत सारखे नव्हेत.

बर्लिनच्या क्रोनेकरला हे मान्य नव्हतं. तो कँटरचा एकेकाळचा शिक्षक, आणि वजनदार माणूस. बर्लिनमध्ये प्राध्यापक व्हायचं कँटरचं स्वप्न राहूनच गेलं. १८८४ मध्ये त्याला मानसिक आजाराचा पहिला मोठा झटका आला. १८९९ मध्ये धाकटा मुलगा गेला. पुढे रुग्णालयाच्या फेऱ्या वाढत गेल्या.

मान्यताही मिळाली. १८९० मध्ये जर्मन गणितज्ञांची संघटना उभी राहिली, तिचा पहिला अध्यक्ष कँटरच होता. पण शेवटचे महिने हालेच्या मनोरुग्णालयात गेले, बाहेर पहिलं महायुद्ध चालू असताना. ६ जानेवारी १९१८ ला तो तिथेच वारला.