प्राध्यापक विष्णु वासुदेव नारळीकर

मुलांनो, उरणच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी उभे राहिलात, तर लाटांच्या आघाताने पायांखालची भूमी हलल्याचा भास होतो. तो निव्वळ भास नव्हे. समुद्राच्या लाटांनी भूमीला अतिसूक्ष्म कंप खरोखरच सुटत असतो. अवकाशातही लाटा उठतात, असे आइन्स्टाइन यांनी १९१६ साली गणिताने दाखविले. प्रचंड वस्तुमानाचे गोल एकमेकांभोवती वेगाने फिरू लागले, म्हणजे या गुरुत्वीय लाटा निर्माण होतात. हे अवघड गणित भारतात रुजावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत नारळीकरांचे स्थान फार वरचे आहे.

विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. मुंबईत १९२८ साली पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. तेथे ते रँग्लर झाले; खगोलशास्त्रातील टायसन पदकही त्यांनी मिळविले. पुढे अमेरिकेत जाऊन संशोधन करण्याची संधी चालून आली. त्याच सुमारास पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात बोलाविले. मोठाच पेच पडला. अमेरिकेत त्या काळची सर्वांत मोठी दुर्बीण होती, विद्वानांचा सहवास होता. काशीत या विषयाची परंपरा पायापासून उभारावयाची होती. नारळीकरांनी काशी पत्करली. १९३२ साली ते गणित विभागाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांची पंचविशीही उलटली नव्हती. तेथे ते अठ्ठावीस वर्षे राहिले.

१९४२ साली, देशभर आंदोलन पेटलेले असताना, प्रह्लाद वैद्य नावाचे एक गुजराती तरुण पत्नी व तान्ह्या मुलीसह काशीला आले. गाठीच्या शिल्लकीवर राहून त्यांना नारळीकरांजवळ शिकावयाचे होते. प्रकाश देणारा तारा आपली ऊर्जा सतत गमावीत असतो. अशा ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण कसे मांडावे, हे वैद्यांनी १९४३ साली दाखविले. त्यांचे ते सूत्र आजही जगभर वापरात आहे. शिष्याची अशी कीर्ती पाहावयास मिळणे हे गुरूचे केवढे भाग्य!

काशी सोडल्यावर नारळीकरांनी राजस्थानात काही वर्षे शासकीय पद सांभाळले व नंतर पुणे विद्यापीठात अध्यापन केले. १९९१ साली ते निवर्तले. गुरुत्वीय लाट प्रत्यक्ष पकडली गेली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेत, चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजा असलेल्या यंत्रांनी.

परंतु अतिशय मंद लाटा जमिनीवर सापडत नाहीत. भूमीचा कंप आड येतो. म्हणून युरोपीय अवकाश संस्थेने २०२४ साली ‘लिसा’ योजना मंजूर केली. तीत तीन याने परस्परांपासून सुमारे २५ लाख किलोमीटरांवर राहून एकमेकांकडे लेसर किरण पाठवितील. मात्र ही अंतरे सारखी बदलत राहणार, त्यामुळे किरणांतील गोंगाट वगळणे कठीण. यावर बीजगणिताचा उपाय २००२ साली पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविला. ही ‘आयुका’ संस्था नारळीकरांचे पुत्र जयंत यांनी १९८८ साली उभारली होती.

२०३५ च्या सुमारास ती याने सूर्याभोवती धाडावयाची आहेत. तेव्हा तुम्ही विशी ओलांडलेली असाल.