घोडी जागेवर हवी

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ म्हटलं की रसिकांना आठवतो तो त्यांचा रेशमासारखा, काहीसा व्याकूळ आवाज. पण हा थोर गवई वाद्यदुरुस्तीतही वाकबगार होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं. मला तर त्यांचं गाणं या अंगानेच अधिक उमगतं.

१८७२ साली कैरान्याच्या सारंगियांच्या घराण्यात ते जन्मले. सारंगी आणि बीन हातात घेऊनच त्यांचा कान तयार झाला. बडोद्याच्या दरबारात चाकरी केली, ताराबाई मान्यांसह ते शहर सोडलं आणि पुढे मिरजेशी जन्माचं नातं जडलं. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांचीच मुलं. १९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, तो घाव मोठा होता. पण त्याविषयी लिहायला वेगळा लेख हवा.

मिरज हे गावच तंतुवाद्यांचं. हत्यारांना धार लावणारे शिकलगार इथे तंबोरे घडवू लागले. श्रुतींचा हिशेब मांडणाऱ्या कृष्णाजी बल्लाळ देवलांच्या प्रयोगांना खाँसाहेबांनी आपला गळा दिला. ज्याला श्रुतीश्रुतीतला फरक ऐकू येतो, त्याला तंबोऱ्याची घोडी केसभर हलली तरी कसं चालेल?

तबलीवर तारा ज्या पट्टीवरून जातात ती घोडी. बहुतेक तंबोऱ्यांत ती चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच उभी असते. पायाशी नीट टेकली नसेल, तर छेडता छेडता ती सरकते. मग खुंट्या कितीही पिळा, जवारी लागत नाही.

इथे पारोळ्यात हे दुखणं मी दोन रूपांत पाहिलं. भजनी मंडळाच्या जुन्या तंबोऱ्याची घोडी सरकत होती. आणि ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या माझ्या पुतण्याच्या बास गिटारच्या ब्रिजवरची, तारेखालची छोटी सॅडलं जोराच्या ठोक्याला बाजूला घसरत होती. जात वेगळी, आजार एकच. सॅडलच्या दोन्ही बारीक स्क्रूंपैकी एक अधांतरी होता, आणि तारेचा खाली दाबही कमी पडत होता. दोन्ही स्क्रू पट्टीवर सारखे टेकवले, सैल आट्यांना नेलपॉलिशचा थेंब लावला, तार पुन्हा सुरात आणली. सॅडल जागचं हललं नाही.

तंबोऱ्याला मात्र कुणी तरी घट्ट गोंद लावायला निघालं होतं. तो मी लावू दिला नाही. जवारी काढायची तर घोडी सुटी व्हायला हवी. गोंदाने ती तबलीचा पापुद्रा घेऊनच निघाली असती. आधी पेन्सिलीने जागा आखून घेतली, तारा सैल करून घोडी काढली. तबलीवर बारीक पॉलिश पेपर उताणा ठेवून तिचे पाय त्यावर हलकेच घासले. तबलीचा बाक पायांत उतरला आणि घोडी घट्ट बसली. एरवी तारा बदलायच्या तर एकेकच बदलाव्यात. सगळ्या एकदम सोडल्या की घोडी गडगडलीच. जवारीला मात्र आम्ही हात लावला नाही. ते मिरजेच्या कारागिराचंच काम, आणि पारोळ्याहून मिरज लांब आहे.

खाँसाहेबांना असं कुणावाचून अडत नसे. जवारी, तारा, घोडी, सगळं ते स्वतः पाहत. शिष्यांना गळा देताना वाद्याची निगाही दिली.

ऑक्टोबर १९३७ मध्ये पाँडिचेरीला जाताना वाटेत त्यांच्या छातीत कळ आली. सिंगापेरुमल कोइल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. तिथे फलाटावर त्यांनी तंबोरा लावायला सांगितला आणि सुरातच प्रार्थना म्हणत २७ तारखेला देह ठेवला, असं सांगतात. त्यांना मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ, विसावा मिळाला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं; दर्ग्यापासून थोड्याच अंतरावर अजूनही भोपळे कोरले जातात, घोड्या घासल्या जातात.