तानसाचे नळ आणि वालचंदांची घाई

शहापूर-मुरबाड हा ठाणे जिल्ह्यातील डोंगराळ, भरपूर पावसाचा मुलूख. या मुलखातील तानसा धरणातून मुंबईकडे गेलेले अजस्र नळ आता इतके सवयीचे झाले आहेत की, ते कोणी टाकले हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. धरण १८९२ सालचे. पुढे मुंबईची तहान वाढली, तेव्हा तेथून मोठे नळ टाकण्याचे काम ज्या कंपनीने केले, तिचे सूत्रधार होते सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी. बोरघाटातील रेल्वेचे बोगदेही त्यांच्याच खात्यावर जमा आहेत.

बिल गेट्स आणि स्टीव्ह जॉब्स यांच्या स्वभावांची तुलना हौसेने केली जाते. महाराष्ट्रात अशी जोडी शोधायची तर वालचंदांच्या शेजारी लक्ष्मणराव किर्लोस्करांनाच उभे करावे लागेल.

लक्ष्मणराव १८६९ चे, वालचंद १८८२ चे. लक्ष्मणराव कारागीर वृत्तीचे. रंगांधळेपणामुळे चित्रकला सुटली, ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरीत डावलले गेल्यावर ते बेळगावला परतले आणि लोखंडी नांगर घडवू लागले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीपायी पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. तरीही ते थांबून राहिले. थांबणे हीच त्यांची शैली होती.

वालचंदांना थांबणे ठाऊकच नव्हते. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा. त्यात मन रमेना. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेची कंत्राटे घेतली. ते अभियंता नव्हते. त्यांची नजर यंत्रापेक्षा माणसावर आणि संधीवर असे; योग्य माणूस हेरायचा, करार करायचा आणि उरलेले वाटेत पाहून घ्यायचे. १९१९ साली नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेऊन ५ एप्रिलला ते लंडनकडे रवाना केले, तेव्हा ब्रिटिश कंपन्या दर पाडून आपल्याला कोंडीत पकडतील याचा पुरता हिशेब झालेला नव्हता. १९२३ च्या करारात सिंदिया कंपनीला किनारी वाहतुकीपुरती मर्यादा पत्करावी लागली. ही माघार होती, पण कंपनी जगली.

विमान कारखान्याची कथा तर अधिकच बोलकी. १९३९ च्या एका विमानप्रवासात अमेरिकी उद्योजक विल्यम पॉली यांची गाठ पडली आणि १९४० च्या डिसेंबरात बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. जागा आणि भांडवलाचा आधार दिला तो म्हैसूर संस्थानने. येथे दोघांच्या चरित्रांतील एक साम्य ठळकपणे दिसते. बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा लक्ष्मणरावांना जमीन आणि कर्ज दिले ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी. त्यातून १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. ब्रिटिश राजवटीत उद्योग उभारू पाहणाऱ्याला संस्थानिकांच्या सावलीचा केवढा आधार होता, हे यावरून कळते.

पण ती सावली वालचंदांना पुरली नाही. बंगळुरूत विमाने आकार घेऊ लागली, तोच जपानी आक्रमणाचे सावट पसरले आणि एप्रिल १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा घेऊन कारखाना ताब्यात घेतला. भरपाई मिळाली, कारखाना मात्र गेला. हाच कारखाना पुढे १९६४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा भाग झाला. मोटारीच्या बाबतीतही सरकारचा थंडपणा आड आला. विश्वेश्वरय्यांसारख्यांचे पाठबळ असूनही ती योजना रखडली आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली क्रायस्लरच्या सहकार्याने निघाली. विशाखापट्टणमच्या गोदीची कोनशिला १९४१ साली राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली खरी, पण ‘जलउषा’ पाण्यात उतरण्यास मार्च १९४८ उजाडावे लागले. त्यांच्या प्रत्येक मोठ्या उद्योगाला तंत्रापेक्षा परवानगीचाच अडसर अधिक नडला, आणि लक्ष्मणरावांचा धीर असता तर त्यातले निम्मे उद्योग त्यांनी सुरूच केले नसते.

पक्षाघाताने वालचंदांना अखेर कारभारातून दूर व्हावे लागले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ज्या ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ने मुंबई सोडली, तो दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. लक्ष्मणराव १९५६ पर्यंत होते. त्यांचा कारखाना त्यांच्या डोळ्यांदेखत घरच्यांच्याच हाती राहिला.