रमाबाई रानडे आणि परिचारिकेची वही

लोणंदच्या पेठेंतील व्यापारी रात्रीं दुकानाला कुलूप लावण्यापूर्वीं रोजकीर्द लिहितो. महिनाअखेरीस आठवणीवरून नोंदी भरणारा मुनीम त्यास एक दिवसही खपावयाचा नाहीं. मात्र घरचें माणूस रुग्णालयांत असतां त्यास औषध किती वाजतां दिलें, ताप केव्हां चढला, रात्रपाळीच्या परिचारिकेनें सकाळच्या परिचारिकेस काय सांगितलें, हें लिहिलेला कागद पाहण्याचें त्याच्या मनांतही येत नाहीं. ही उदासीनता आमच्या जिल्ह्यास तरी शोभत नाहीं.

कारण रमाबाई रानडे याच मुलखांतल्या. १८६२ सालीं देवराष्ट्रे येथें कुर्लेकरांच्या घरीं त्यांचा जन्म झाला. तें गांव तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें, आतां सांगलींत आहे. माहेरचें नांव यमुना. अकराव्या वर्षीं, १८७३ त, महादेव गोविंद रानडे यांच्याशीं विवाह झाला. पतीनें शिकविण्यास आरंभ केला आणि घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांनीं टोमण्यांस. रमाबाईंनीं दोन्ही सोसलें व विद्या सोडली नाहीं. १९०१ त माधवराव वारले. १९०९ त पुण्यास सेवासदन उभें राहिलें. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीस होते.

त्यांच्या आयुष्यांतील अत्यंत धैर्याचें कृत्य आमच्या मतें १९११ चें. त्या सालीं सेवासदनानें परिचारिकांच्या शिक्षणाचें काम हातीं घेतलें, आणि बायका ससून रुग्णालयांत शिकूं लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणें, नाहीं त्या जातीच्या रोग्याचें मलमूत्र काढणें, रात्र घराबाहेर काढणें. असल्या धंद्यास कुलीन घरची विधवा जाते, हें ऐकून पुण्यांतल्या किती शेंड्या ताठ झाल्या असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी. रमाबाईंनीं शिकाऊ परिचारिकांसाठीं वसतिगृह चालविलें. म्हणजे राहणें, शिकणें व शिस्त यांची जबाबदारी संस्थेनें पत्करली. दया पुष्कळांस येते; दयेस वेळापत्रक लावणारी बाई विरळा.

लेखी शिस्तीचें मोल जगाला फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं दाखविलें. १८५४ त क्रिमियाच्या युद्धांतील स्कुटारीच्या रुग्णालयांत त्या गेल्या, तेव्हां मृतांच्या नोंदीही धड नव्हत्या. पुढें हिंदुस्थानांतील छावण्यांची माहिती छापील प्रश्नपत्रकें धाडून मागविण्यांत आली, आणि १८६३ च्या अहवालांत गोऱ्या सैन्यांत दर हजारीं वर्षाला ६९ शिपाई मरत असल्याचें उघड झालें. नोंद झाली म्हणून दोष कळला. दोष कळला म्हणून तो दूर करण्याची निकड सरकारास भासली. रयतेच्या मरणांची इतकी चौकशी परक्या सरकारानें केली नाहीं, तें निराळें.

परिचारिकेवर सगळा ठपका ठेवणें मात्र अन्यायाचें आहे. एकीच्या हातीं झेपणार नाहींत इतके रोगी सोंपवावयाचे व वही कोरी राहिल्यास तिलाच दंड करावयाचा, हा न्याय नव्हे. मुख्य परिचारिकेनें प्रत्येक पाळीस वही तपासावी, लिहिणारीनें वेळ व सही घालावी, आणि चालकांनीं पुरेशीं माणसें नेमावीं. सहीवांचून नोंद न्यायालयांतही पांगळी ठरते.

रमाबाई १९२४ सालीं वारल्या. पुढें ११ वर्षांनीं, १९३५ त, परिचारिका व सुइणी यांच्या नोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यांत झाला, आणि रोग्याची नोंद ठेवणारीचें स्वतःचें नांवही सरकारी दप्तरांत चढलें.