युद्धात उजवा हात गेला, पण डाव्या हाताच्या बोटावर हा माणूस ४८ टेस्ट गाजवून गेला

गोष्ट आहे १९१४ सालची. एसेक्सच्या जॉनी डग्लसला एका १९ वर्षांच्या पोराने चार सिक्स हाणले. डग्लस साधासुधा बॉलर नव्हता, इंग्लंडचा कॅप्टन होता. पोराचं नाव फ्रँक चेस्टर, टीम वूस्टरशायर. त्या इनिंगमध्ये त्याने नाबाद १७८ केले. आदल्या वर्षी तीन सेंच्युरी ठोकून झाल्याच होत्या. आता हा इंग्लंडकडून खेळणार, असं लोक धरूनच चालले होते.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं.

१९१७ मध्ये सॅलोनिकाच्या आघाडीवर चेस्टर जखमी झाला. जखम चिघळली आणि उजवा हात कोपराखाली कापावा लागला. वय २२. बॅट कायमची सुटली.

पण मैदान सुटलं नाही. १९२२ मध्ये तो फर्स्ट क्लास मॅचचा अंपायर झाला, वय अवघं २७. तेव्हा अंपायर म्हणजे रिटायर झालेले बुजुर्ग खेळाडू. त्यांच्यात हा पोरसवदा. पहिल्याच मॅचला समोर कोण? एसेक्स आणि सॉमरसेट. म्हणजे परत डग्लस!

तेव्हाचे कॅप्टन म्हणजे बडे साहेब लोक, अंपायरची नोकरी त्यांच्या मर्जीवर. चेस्टरने डग्लसला आऊट दिलं, आणि सॉमरसेटच्या जॉन डॅनियललाही. सोबतच्या अंपायरने त्याला सांगून टाकलं की, कॅप्टन लोकांना असं आऊट देत राहिलास तर तुझी नोकरी काही टिकत नाही.

नोकरी पुढची ३३ वर्षं टिकली.

स्टंपवर पार ओणवं होऊन बॉल बघायची त्याची स्टाईल पुढे बऱ्याच अंपायरनी उचलली. बॉल मोजायला खिशात सहा खडे असायचे, आईच्या बागेतून वेचलेले. १९२४ मध्ये टेस्ट अंपायरिंग सुरू झालं. १९३२ मध्ये सी. के. नायडूंची टीम लॉर्ड्सवर भारताची पहिली टेस्ट खेळली, तिथेही अंपायर चेस्टरच होता. ब्रॅडमनच्या मते तर त्याने पाहिलेला सगळ्यात भारी अंपायर हाच.

गंमत म्हणजे ब्रॅडमनच्याच देशाशी त्याचं बिनसलं. ऑस्ट्रेलियन खेळाडूंची आरडाओरड करून अपील करायची पद्धत त्याच्या डोक्यात जायची, आणि ते तो लपवायचाही नाही. त्यात पोटाच्या अल्सरने तो बेजार, त्यामुळे स्वभाव आणखी तिरसट झालेला. १९५३ मध्ये लीड्सला सिम्पसनच्या रनआऊटचं अपील त्याने फेटाळलं आणि पाहुणे भडकले. आता हा अंपायर नको, असं त्यांनी कळवलं. ॲशेसचा निकाल लावणाऱ्या ओव्हलच्या टेस्टला चेस्टर नव्हता.

१९५५ मध्ये तो थांबला, तेव्हा खात्यावर ४८ टेस्ट होत्या. दोनच वर्षांत, १९५७ च्या एप्रिलमध्ये तो गेला. त्याचा रेकॉर्ड मोडायला १९९२ साल उजाडलं. झिम्बाब्वेत तो मोडणारा डिकी बर्डही आधी काउंटी क्रिकेटच खेळलेला होता.