घरच्यांना वाटायचं पोराने पाद्री व्हावं, त्याने गटाराचे पाइप बनवले. मातीचं सिंक का टिकतं याचं उत्तर त्याच पाइपात आहे

चंद्रपूर आणि गडचिरोली हा भाताचा पट्टा. इथल्या स्वयंपाकघरात सिंकचं आयुष्य सोपं नसतं. भात वेळला की उकळतं पाणी थेट सिंकमध्ये ओतलं जातं. त्यानंतर लगेच नळाचं गार पाणी. चुलीवर काळे झालेले जर्मनचे गंज राखेने घासले जातात. लोखंडी कढई हातातून निसटते ती नेमकी तिथेच.

पूर्वी हे सगळं मोरीत व्हायचं. खाली दगडी फरशी असायची, तिला कशाचं काही वाटायचं नाही. मग ओटा आला, ओट्यात स्टीलचं सिंक आलं. आता रील्समध्ये पांढरंशुभ्र, जाड काठाचं फायरक्लेचं सिंक दिसतं आणि नवीन घर बांधणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो. दिसायला भारी आहे, पण शेवटी मातीच ना? टिकेल का?

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात चंद्रपूरकरांच्या पायाखालूनच होते.

कोळशाच्या सोबतीची माती

फायरक्ले म्हणजे भट्टीची माती. प्रचंड आच लागली तरी ती वितळत नाही. ही माती बहुतेकदा कोळशाच्या संगतीने सापडते. वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूर असा जो वर्धा खोऱ्यातला कोळशाचा पट्टा आहे, त्यातही ती आहे. इथला कोळसा ज्या खडकांत सापडतो, त्या खडकांना जगभर गोंडवाना म्हणतात. हे नाव गोंडांच्या याच मुलखावरून पडलं.

इंग्लंडमध्येही हीच जोडी दिसते. साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी तिथे दलदलीची जंगलं होती. झाडांच्या मुळांनी आणि आम्लयुक्त पाण्याने खालच्या मातीतून चुना, सोडा, पोटॅश असे लवकर वितळायला लावणारे घटक काढून घेतले. उरलं ते मुख्यतः ॲल्युमिना आणि सिलिका. झाडांचा कोळसा झाला आणि त्याखालच्या मातीची झाली फायरक्ले.

ही माती आधी भट्ट्यांच्या विटांसाठी वापरली जायची. अशा भाजलेल्या मातीवर माणसाच्या रोजच्या सांडपाण्याचा भरवसा टाकता येतो, हे मोठ्या प्रमाणावर दाखवून देणाऱ्यांमध्ये एक नाव फार वर येतं, हेन्री डाउल्टन.

पुस्तकात रमणारा पोरगा चाकावर बसला

हेन्रीचा जन्म २५ जुलै १८२० चा, लंडनमधल्या व्हॉक्सहॉलचा. वडील जॉन डाउल्टन हे हाडाचे कुंभार. त्यांनी १८१५ मध्ये आयुष्यभराची बचत घालून एका छोट्या कारखान्यात भागीदारी घेतली होती. तिथे शाईच्या बाटल्या, दारूचे बुधले, लोणच्याच्या बरण्या असला साधा माल निघायचा.

हेन्री लहानपणापासून पुस्तकी किडा. घरच्यांना वाटायचं, पोरगा पाद्री होईल, नाहीतर वकील तरी. पण १८३५ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, त्याने बापाच्या कारखान्यात जायचं ठरवलं. मालकाचा मुलगा म्हणून तो खुर्चीत बसला नाही. चाकावर बसला, माती मळली, भट्टी लावायला शिकला.

या कारखान्याचा माल स्टोनवेअरचा होता. म्हणजे इतक्या आचेवर भाजलेली माती की ती दगडासारखी घट्ट होते. त्यावरचं ग्लेझ मिठाचं असायचं. भट्टी १,२०० अंशांच्या आसपास पोचली की तिच्यात मीठ टाकायचं. मिठातलं सोडियम मातीतल्या सिलिकाला भिडतं आणि भांड्याच्या अंगावरच काच तयार होते. हा थर वरून रंगासारखा लावलेला नसतो, तो मातीतूनच तयार होतो. त्यामुळे तो सहज सुटत नाही.

तरुण हेन्रीला ॲसिड साठवायची मोठाली भांडी बनवण्यात खास रस होता. रासायनिक कारखान्यांना अशी भांडी हवी होती. धातू ॲसिडने खाल्ला जायचा, चांगली भाजलेली माती मात्र तशीच राहायची. इथे एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली. जी माती ॲसिडला पुरून उरते, ती सांडपाण्यालाही पुरून उरेल.

लोक मरत होते आणि गटारं गळत होती

तो काळ कॉलऱ्याचा होता. १८३१-३२ मध्ये इंग्लंडमध्ये पहिली मोठी साथ आली, १८४८-४९ मध्ये दुसरी. लंडनमध्ये हजारो माणसं गेली. घरांखालची गटारं विटांची होती. विटांच्या सांध्यांतून घाण जमिनीत मुरायची आणि तिथून विहिरींच्या पाण्यात उतरायची. दूषित पाण्यातून कॉलरा पसरतो हे डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा माग काढून दाखवलं, पण तेव्हाही सगळ्यांना ते पटलं नव्हतं.

त्याआधी १८४२ मध्ये एडविन चॅडविक यांनी गरीब वस्त्यांच्या अस्वच्छतेवर गाजलेला अहवाल लिहिला होता. त्यांचं म्हणणं होतं की मोठ्या विटांच्या गटारांऐवजी आतून गुळगुळीत, अरुंद पाइप वापरा, म्हणजे पाणी वेगाने वाहील आणि घाण साचणार नाही. अनेक इंजिनिअरांना हे मान्य नव्हतं. मातीचा पाइप जमिनीखाली फुटला तर कोण बघणार, ही त्यांची शंका होती. आज सिंकबद्दल लोकांना जी शंका येते, ती जवळपास हीच.

हेन्रीने १८४६ मध्ये फक्त पाइप बनवण्यासाठी लॅम्बेथमध्ये वेगळा कारखाना काढला. तेव्हा तो जेमतेम २६ वर्षांचा होता. पाइप खपले नसते तर घराण्याचं नाव आणि पैसा दोन्ही बुडालं असतं.

पण पाइप खपले. मागणी इतकी वाढली की डाउल्टन कुटुंबाने सेंट हेलेन्स आणि रावली रेजिस अशा कोळशाच्या भागांतही पाइपचे कारखाने काढले. कोळसा आणि भट्टीची माती दोन्ही जवळ, त्यामुळे माल स्वस्त पडायचा. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी इतकी वाढली की खासदारांना संसदेत बसवेना. मग जोसेफ बॅझलजेट यांनी लंडनची नवी मलवाहिनी उभारली. तिचे मुख्य बोगदे विटांचेच होते, पण घराघरातून तिथवर जाणाऱ्या जोडण्यांसाठी ग्लेझ केलेले मातीचे पाइप रूढ झाले.

पाइपातून सिंकपर्यंत

घराखाली चांगला पाइप आला म्हटल्यावर त्याच्या वरच्या टोकाला काय बसवायचं, हा पुढचा प्रश्न. शौचकूप, बेसिन, सिंक अशा सगळ्या वस्तू डाउल्टनच्या कारखान्यांतून निघू लागल्या. त्या काळात ब्रिटनमध्ये इतर कुंभारांनीही सिंकसाठी फायरक्ले उचलली, कारण मोठ्या आकाराची जाड वस्तू भट्टीत वाकडी न होता भाजायला ही माती सोयीची पडते.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. डाउल्टनचे सुरुवातीचे पाइप मिठाच्या ग्लेझचे, तपकिरी. पांढरं फायरक्ले सिंक वेगळ्या पद्धतीने बनतं. मातीत आधी भाजून भरडलेली माती मिसळतात. ती एकदा आकसून झालेली असते, म्हणून भट्टीत पुन्हा आकसत नाही आणि सिंकला तडा जायची शक्यता कमी होते. त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ थर देतात, त्यावर ग्लेझ, आणि मग सगळं मोठ्या आचेवर एकजीव करतात.

दोन्हींचं तत्त्व एकच. अंग आणि ग्लेझ यांचं आकसणं-प्रसरणं जुळलं पाहिजे. ते जुळलं तर सिंक अनेक दशकं चालतं. नाही जुळलं तर ग्लेझवर केसाएवढ्या भेगांचं जाळं पडतं आणि त्यात हळद, चहा, तेल जाऊन बसतं.

मानही मिळाला आणि धूरही उठला

हेन्री फक्त पाइपवाला राहिला नाही. १८६० च्या दशकापासून त्याने लॅम्बेथच्या कला विद्यालयातले विद्यार्थी कारखान्यात घेतले. जॉर्ज टिनवर्थ, हॅना बार्लो अशी नावं तिथून पुढे आली. पुढे तिथे शेकडो स्त्रिया कलाकार म्हणून काम करून पगार कमवत होत्या. त्या काळात हे सोपं नव्हतं. १८७७ मध्ये त्याने बर्स्लेमच्या एका पॉटरीत पैसा घातला आणि नाजूक चिनी मातीच्या धंद्यातही उतरला. १८८५ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सचं अल्बर्ट पदक मिळालं, १८८७ मध्ये सर ही पदवी.

पण या यशाला दुसरी बाजू होती. भट्टीत मीठ टाकलं की क्लोरीन हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वाफेच्या रूपात धुराड्यातून बाहेर पडतं. लंडनच्या आजारपणावर तोडगा देणारा कारखाना स्वतः लॅम्बेथच्या हवेत ॲसिड सोडत होता. औष्णिक वीज केंद्राच्या सावलीत राहणाऱ्या चंद्रपूरकरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

नोव्हेंबर १८९७ मध्ये हेन्री डाउल्टन गेला. वेस्ट नॉरवूडच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे, तीही भाजलेल्या लाल मातीची. १९०१ मध्ये कंपनीला राजमान्यता मिळाली आणि ती रॉयल डाउल्टन झाली. लॅम्बेथचा कारखाना १९५६ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला, आणि भर शहरात मिठाच्या भट्ट्या चालवणं अशक्य होऊन बसलं.

डाउल्टनचा शिक्का असलेली जुनी सिंक मात्र अजून भंगारातून उचलली जातात. कुणी ती पुन्हा स्वयंपाकघरात बसवतं, कुणी अंगणात झाडं लावायला वापरतं.

मग आपल्या ओट्यावर ते टिकेल का?

उकळत्या पाण्याचं म्हणाल, तर १,२०० अंशांच्या आसपास तयार झालेल्या वस्तूला भाताच्या पाण्याने सहसा काही होत नाही. राखेने किंवा तारेच्या घासणीने घासल्यावर ज्या करड्या रेघा उमटतात, त्या बऱ्याचदा ओरखडे नसतात. गंजाचा किंवा कढईचा धातू ग्लेझवर घासून बसलेला असतो, आणि तो सौम्य पावडरने निघतो. रोज राखेने जोर लावून घासलं तर मात्र चमक कमी होत जाते.

क्षाराच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला अनेक जण टॉयलेटचं ॲसिड ओततात. ग्लेझ ते बऱ्यापैकी सोसतं, पण जाळी, पाइपचा सांधा आणि भोवतीचं सिमेंट खराब होतं. लिंबू किंवा व्हिनेगर पुरतं.

फायरक्लेची खरी वैरी आहे पडणारी जड वस्तू. वरवंटा किंवा लोखंडी कढई काठावर आदळली तर टवका उडू शकतो. आतली माती ग्लेझसारखी बंद नसते, ती पाणी शोषते. म्हणून टवका उडाला तर तो लगेच दुरुस्तीच्या लेपाने बुजवायचा. शिवाय मोठं सिंक ४० किलोच्या पुढे जातं, त्यात पाणी आणि भांडी वेगळी. नुसत्या ग्रॅनाइटच्या काठावर ते टांगता येत नाही, खालून भक्कम आधार लागतो. गडचिरोलीच्या आतल्या गावापर्यंत ते गाडीतून न्यायचं असेल तर पॅकिंग उतरवण्याआधी बिल फाडू नका, आणि पोचल्यावर उजेडात चारही काठ तपासा.

भद्रावतीला गांधीवादी कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केलेला ग्रामोदय संघ आहे, तिथे कुंभारकाम शिकवलं जातं. भाजलेली माती किती टणक होऊ शकते हे बघायला या पट्ट्यातल्या लोकांना लंडनला जायची गरज नाही.

दुकानात सिंकची चमक सगळेच बघतात. डाउल्टनचे पाइप मात्र जमिनीखाली, कुणालाही न दिसता काम करत राहिले. सिंक घेताना ते उलटं करून बघा. खालची ग्लेझ नसलेली माती एकसारखी, घट्ट आणि बिनभेगांची असेल, तर वरचा पांढरा थर बराच काळ साथ देईल.