डोक्यावर पातेलं घालून फिरणाऱ्या जॉनीने सफरचंदाच्या बियांवर १२०० एकर जमीन कशी केली?

अंगात गोणपाट, पाय अनवाणी आणि डोक्यावर टोपीच्या जागी जेवण शिजवायचं पातेलं. अमेरिकेतल्या पोरांच्या गोष्टीच्या पुस्तकात असा एक माणूस हमखास असतो. नाव जॉनी ॲपलसीड. जाईल तिथे सफरचंदाच्या बिया फेकत फिरणारा भोळा फकीर.

माणूस खरा होता. फकीरही होता. पण भोळा? तिथेच खरी स्टोरी आहे.

त्याचं खरं नाव जॉन चॅपमन. जन्म १७७४ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लेओमिन्स्टर गावचा. तो दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा आई क्षयरोगाने गेली. वडील तेव्हा इंग्रजांविरुद्धच्या लढाईत होते. पुढे पोरगा मोठा झाला आणि पश्चिमेकडे निघाला.

तेव्हा ओहायोत नुसतं जंगल होतं. तिथे जमीन वाटणाऱ्या एका कंपनीने अट घातली होती की, १०० एकर हवे असतील तर तीन वर्षांत सफरचंदाची ५० आणि पीचची २० झाडं लावून दाखवा. कारण साधं होतं. सफरचंदाला फळ धरायला काही वर्षं लागतात. झाडं लावणारा माणूस जमीन विकून पळत नाही, टिकतो.

आता नव्याने आलेला माणूस आधी लाकडाची खोली बांधणार, मका पेरणार की रोपं शोधत बसणार?

चॅपमनने नेमकं हेच हेरलं. पेनसिल्व्हेनियातल्या सायडरच्या घाण्यांवर चोथ्यात बिया पडून असायच्या. त्या गोळा करायच्या, वस्ती कुठे होणार याचा अंदाज घेऊन लोकांच्या आधी तिथे पोचायचं, ओढ्याकाठची जागा साफ करून रोपवाटिका लावायची आणि कुंपण घालायचं. लोक आले की रोपं तयार! पैसे नसतील तर जुने कपडे द्या, तेही नसतील तर नंतर द्या. उधारी मागायला तो फारसा जायचा नाही म्हणतात.

पण या झाडांची सफरचंदं खाण्यालायक नसायची. हापूसची कोय लावून हापूसच येईल याची खात्री नसते, तसंच सफरचंदाचं आहे. गोड फळ हवं तर कलम लागतं. कलम म्हणजे झाडाला इजा, म्हणून चॅपमनचा त्याला विरोध. मग आंबट सफरचंदांचं लोक करायचे काय? सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू. तिथे पाण्याचा भरवसा नसायचा, त्यामुळे घरोघरी तीच प्यायली जायची. पोरांच्या पुस्तकात हा भाग नसतो.

चॅपमन स्वीडनबोर्ग या विचारवंताच्या पंथाचा होता. रात्री कुणाच्या खोलीत मुक्काम पडला की पंथाची पुस्तकं वाचून दाखवायचा. मांस खायचा नाही. शेकोटीत डास जळतात म्हणून त्याने शेकोटीच विझवली, अशीही दंतकथा आहे. १८१२ च्या युद्धात मॅन्सफिल्ड गावावर हल्ल्याची भीती होती, तेव्हा रातोरात सुमारे ४० किलोमीटरवरच्या माउंट व्हर्ननला जाऊन मदत आणणारा हाच.

एक उद्योग मात्र अंगाशी आला. थंडी वाजून येणाऱ्या तापाने वस्त्या हैराण होत्या. डॉग फेनेल नावाच्या वनस्पतीने हा ताप जातो, अशी त्याची समजूत. म्हणून त्याने तिचंही बी पेरलं. ताप गेला नाही, पण शेतांत तण माजलं. शेतकऱ्यांनी त्या तणाला जॉनीचंच नाव दिलं. सफरचंदं देणाऱ्या माणसाला शिव्याही खाव्या लागल्या त्या अशा.

१८४५ मध्ये इंडियानातल्या फोर्ट वेनजवळ तो गेला. लग्न केलं नव्हतं. मागे निघाली १२०० एकरांहून जास्त जमीन. त्यातली बरीचशी कर आणि कोर्टकचेरीत गेली.

देशभर नाव झालं ते नंतर, १८७१ मध्ये हार्पर्स मासिकात त्याच्यावर लेख आला तेव्हा. १९४८ मध्ये डिस्नेने कार्टून केलं. आज फोर्ट वेनच्या बेसबॉल टीमचं नाव टिनकॅप्स आहे. लोगोवर सफरचंद आणि त्याच्या डोक्यावर पातेलं.